आधी तोटी बघा

पेरूच्या राजधानीत, लीमात, लार्को संग्रहालयात जाणार असाल, तर न विचारता एक सल्ला देते. सोन्याचांदीची दालनं नंतर बघा, आधी गोदामात घुसा. हो, गोदामच. बाकीची संग्रहालयं जो माल कुलपात ठेवतात, तो या लोकांनी काचेच्या कपाटांत, जमिनीपासून छतापर्यंत खच्चून रचून सगळ्यांना खुला केलाय. मातीची भांडी, हजारोंनी. घुबडं एकीकडे, सागरी सिंह दुसरीकडे, मक्याची कणसं, बटाटे, कैदी, आजारी माणसं, आया आणि बाळं. भिंतीवर लांबलचक मजकूर नाही, कानात कुजबुजणारा गाईड नाही. नुसतं बघत चालायचं.

मी स्वतः भांडी बनवते, तीही चाकावर, त्यामुळे माझं बघणं जरा वाकडं आहे. नवरा चेहरे बघत पुढे सरकत होता आणि मी गुडघ्यांवर बसून बुडं आणि सांधे शोधत होते. रक्षक एकदा येऊन बघून गेला, बाईंचं काही हरवलंय का म्हणून.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. अँडीजच्या डोंगरात आणि पश्चिमेकडच्या वाळवंटी किनाऱ्यावर स्पॅनिश लोक 1532 मध्ये येऊन धडकेपर्यंत कुंभाराचं चाक नव्हतं. ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, नव्हतं. भाजायचं काम बहुतेक ठिकाणी खड्ड्यात किंवा उघड्यावरच. इक्वाडोरच्या किनाऱ्यावरचे वाल्दिविया लोक तर पाच हजार वर्षांपूर्वीपासून भांडी करत होते, म्हणजे या मुलखात मातीचा हात जुना, पण सगळं वळ्या रचून, थापून, दाबून किंवा साच्यात घालून. कोणाला वाटेल, बिचारे. अजिबात नाही. चाक हे घाई असलेल्या माणसाचं यंत्र आहे, आणि ते गोल सोडून दुसरं काही करू देत नाही. माझ्या हातून वर्षानुवर्षं गोलच निघतंय. या लोकांच्या हातून बदक, मका, झोपलेला म्हातारा, दात विचकणारा देव असं काहीही निघत होतं आणि त्यात चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, भरता येत होती.

आणि तोच माझा मुद्दा आहे. ही शिल्पं नाहीत, बाटल्या आहेत. तेव्हा आधी तोटी बघा.

उत्तर किनाऱ्यावरच्या मोचे लोकांच्या बाटल्या घ्या. साधारण इसवी सन 100 ते 800 हा त्यांचा काळ. भांड्याच्या खांद्यातून किंवा डोक्यातून दोन पोकळ नळ्या बाहेर येतात, कमानीसारख्या वर जाऊन एकमेकींना मिळतात, आणि त्या मिळतात तिथून एकच उभी तोटी निघते. घोड्याच्या रिकिबीसारखा आकार, म्हणून जगभर तिला रिकीब-तोटी म्हणतात. दिसायला गंमत, करायला छळ. मी माझ्या स्टुडिओत करून बघितलीय, म्हणून सांगते. नळी वाकवताना आतल्या बाजूला सुरकुती पडते आणि बाहेरच्या बाजूला चीर जाते. नळी बसवण्याआधी अंगाला भोकं पाडायची, नाहीतर तोटी नुसतीच शोभेची. अंग जास्त वाळलेलं आणि नळी ओली असेल, तर सांधा आज छान दिसतो आणि भाजताना उघडतो. दोन्हींचा ओलावा सारखा हवा, लेदर हार्डच्या, म्हणजे माती कातडीइतकी घट्ट होण्याच्या, जरा अलीकडे. आणि हे सगळं कशासाठी, तर एका तोंडासाठी, जे साधी मान काढून मिळालं असतंच.

तरी हा आकार टिकला. मोचेंच्या कितीतरी आधीच्या कुपिस्निके लोकांकडे तो आहे, म्हणजे ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकात आणि त्याच्याही मागे. मोचेंनंतरच्या चिमूंकडे आहे. स्पॅनिश राजवट आल्यावर, ग्लेझ नवीन नवीन हाताला लागलं तेव्हाही, उत्तर किनाऱ्यावरच्या कुंभारांनी हिरव्या ग्लेझमध्ये हाच आकार बुडवून काढला. अडीच हजार वर्षांहून जास्त काळ एक अवघड गोष्ट कोणी हौस म्हणून करत नाही. अरुंद तोंडातून कोरड्या हवेत पेय उडत नाही, कमानीत दोन बोटं अडकवून बाटली उचलता येते, दोरी ओवून लटकवताही येते. पण माझं मत विचाराल, तर खरी मजा ओतण्यात आहे. बाटली कमानीच्या दिशेने कलती केली की खालच्या नळीतून पेय येतं आणि वरच्या नळीतून हवा आत शिरते. धार हिसके न देता पडते. साध्या अरुंद मानेच्या बाटलीचं ते गटगट, शिंतोडे, काही नाही. समारंभात कोणासमोर ओतायचं असेल, तर हे महत्त्वाचं आहे.

तोटीकडे नीट बघणारा पहिला माणूस म्हणजे ज्यांच्या नावाने हे संग्रहालय आहे ते राफाएल लार्को होयले. 1901 चा जन्म, चिकामा खोऱ्यातल्या चिक्लीन या ऊसमळ्याच्या मालक घराण्यातला. 1926 मध्ये त्यांनी मळ्यावरच संग्रहालय सुरू केलं. पुढे ते सगळं लीमाला, पुएब्लो लिब्रे भागातल्या अठराव्या शतकातल्या एका वाड्यात आलं. तेव्हा रेडिओकार्बन कालमापन नव्हतं. हातात होती ती थडग्यांतून निघालेली भांडी, आणि कुठलं थडगं कुठल्याच्या वर. लार्कोंनी तोट्यांची ओठकड बघितली. सुरुवातीच्या तोट्या आखूड, ओठ जाड, फुगीर. मग ओठ बारीक होत जातो. तिसऱ्या टप्प्यात तोटी वरच्या बाजूला जरा फाकते. चौथ्यात उंच आणि सरळसोट. पाचव्यात वर निमुळती होते, कमानही त्रिकोणी दिसायला लागते. मोचे एक ते पाच. हे त्यांनी 1948 मध्ये छापलं आणि पुढची कित्येक दशकं अख्खं मोचे पुरातत्त्व बाटल्यांच्या तोंडावर चाललं. 1990 च्या दशकात लुईस हाइमे कास्तियो आणि क्रिस्टोफर डॉनन यांनी दाखवलं की उत्तरेकडच्या खोऱ्यांत ही पंचपदी तितकीशी बसत नाही, तिथे तीनच टप्पे करावे लागतात, आणि मोचे म्हणजे एकच एक राज्य नव्हतं. बरोबर असेल. तरी दक्षिणेकडच्या खोऱ्यांत लार्कोंची शिडी अजून कामाला येते, आणि बाटलीच्या तोंडावरून शतक ओळखणाऱ्या माणसाबद्दल मला कुंभार म्हणून आदर आहे.

मग चेहरे. ते टाळून कसं चालेल. मोचे चेहऱ्यांच्या बाटल्यांना तिथे हुआको रेत्रातो म्हणतात, आणि त्या खरोखर कोणाच्या तरी आहेत, साधारण माणसाच्या नाहीत. फेटे वेगळे, कानातली वेगळी, गालावरची रंगवलेली नक्षी वेगळी. डॉनन यांनी जगभरच्या संग्रहांतल्या अशा बाटल्यांचे फोटो जमवले आणि चेहरे जुळवत बसले. त्यांना एक माणूस पुन्हा पुन्हा दिसायला लागला, ज्याच्या वरच्या ओठावर डाव्या बाजूला वण आहे. कटलिप असंच नाव पडलं बिचाऱ्याचं. त्याच्या चाळीसहून जास्त बाटल्या सापडल्यात, दहाएक वर्षांच्या पोरापासून तिशी उलटलेल्या गड्यापर्यंत. लहान आहे तेव्हाही तो वण आहे. कोणीतरी, बहुधा बरेच कोणीतरी, वीसपंचवीस वर्षं या एका माणसाचा चेहरा घडवत होते. मोठेपणी तो जबडा जड करून, नजर सरळ ठेवून समोर बघतो. लहानपणीच्या बाटलीत मात्र गाल अजून गोल आहेत.

काही मोठ्या, मानाच्या दिसणाऱ्या माणसांचे चेहरे पुढे गळ्यात दोर बांधलेल्या कैद्यांवरही ओळखू येतात, असं डॉनन यांचं म्हणणं. म्हणजे ज्याच्या चेहऱ्यातून चिचा ओतली जात होती, तोच एक दिवस हरला. आणि या बाटल्या थडग्यासाठी ताज्या केलेल्या नव्हत्या, वापरलेल्या होत्या. कड उडालेली, बूड झिजलेलं, कुठे डागडुजी. बूड बघायला मी वाकत होते ते याचसाठी. झीज एका बाजूला जास्त असेल, तर ती बाटली कोणाच्या तरी घरात बराच काळ एकाच पद्धतीने टेकवली जात होती.

करायची पद्धत साधी आहे. मूळ नमुना एक, त्यावरून भाजलेल्या मातीचा दोन भागांचा साचा. पुढचा अर्धा, मागचा अर्धा. दोन्हींत माती दाबायची, जोडायची, आतून बोटाने सांधा पुसायचा. वरून तोटी. सांधा कानामागून जातो, तिथे बोट न लावता नुसतं बघितलं तरी एक बारीक धार दिसते, घोटून घोटून घालवली असली तरी. साच्यातून बाहेर काढल्यावर मग प्रत्येक नगावर हाताने काम: कोणाला वेगळं कानातलं, कोणाला वेगळा फेटा, कोणाचा रंग निराळा. चिकामा खोऱ्यात सेरो मायाल नावाच्या टेकडीवर असा एक कारखानाच खणून काढलाय, साचे आणि फुटके तुकडे आणि राख. साच्याचं काम म्हटलं की आपल्यातले काही लोक नाक मुरडतात. त्यांनी चाळीस कटलिप ओळीने लावून बघावेत.

मोचेंच्या बाटल्यांची दुसरी जात म्हणजे बारीक रेघेची चित्रं. मलईच्या रंगाच्या स्लिपवर, म्हणजे पातळ कालवलेल्या मातीच्या लेपावर, गेरूच्या लाल रेषा, केसाइतक्या बारीक, गोल बाटलीभर फिरवलेल्या. गोलाईवर ब्रश फिरवणं म्हणजे सतत मनगट वळवत राहणं, आणि बाटलीचा मागचा भाग दिसत नसताना तिथे काय येणार हे आधीच ठरवून ठेवणं. डोना मॅक्लेलँड यांनी ही चित्रं बाटलीवरून उकलून सपाट कागदावर काढायचं काम अनेक वर्षं केलं, म्हणून आपल्याला ती पट्टीसारखी वाचता येतात. धावणारे दूत, हातात थैल्या. शिंगाड्या सर्पांच्या होड्या. हरणांची शिकार. आणि एक प्रसंग जो पुन्हा पुन्हा येतो: कैद्यांचे गळे चिरलेत, आणि सूर्यकिरणांसारख्या झळाळीतल्या एका प्रमुखाला उंच पेल्यातून ते रक्त दिलं जातंय, बाजूला पक्षी-मानव, मग एक स्त्री.

बरीच वर्षं लोकांना वाटलं, देवांची गोष्ट असेल. मग फेब्रुवारी 1987 मध्ये उत्तर किनाऱ्यावरच्या सिपानला चोरांनी एक थडगं फोडलं, पोलिसांनी पुरातत्त्वज्ञ वॉल्तेर आल्वा यांना बोलावलं, आणि त्यांनी पुढे खणलं तेव्हा तोच प्रमुख सापडला, तेच शिरोभूषण, तेच अलंकार, हाडामांसाचा. 1991 मध्ये सान होसे दे मोरोला ती स्त्री सापडली, तोच पेला सोबत घेऊन. बाटल्यांवरची गोष्ट खरोखर घडत होती. वर्तमानपत्रांनी सोन्याचे फोटो छापले, अर्थात. पण सिपानच्या त्याच खणकामात बाजूच्या एका कोठडीत हजाराहून जास्त मातीची भांडी निघाली, साच्यातली, ओबडधोबड, घाईने केलेली, माणसांच्या आकाराची, दाटीवाटीने ठेवलेली. बहुतेक वाचकांनी ती ओळ ओलांडून पुढे सोनं वाचलं असेल. मी तिथेच थांबले. हजार भांडी म्हणजे माती मळणं, साचे भरणं, वाळवणं, सरपण गोळा करणं. एका माणसाच्या मरणाने खोऱ्यातले किती कुंभार किती दिवस कामाला लागले असतील?

मातीचं आणखी एक सांगते, ते जरा अंगावर येणारं आहे. उत्तरेतल्या त्रुहियो शहराजवळ हुआका दे ला लूना आहे, चंद्राचं देऊळ म्हणतात, विटांचा महाकाय चौथरा. तिथल्या एका चौकात 1995 पासून स्टीव्ह बुर्जे यांनी बळी दिलेल्या पुरुषांची हाडं काढली, सत्तराहून जास्त जणांची. त्यातले बरेच पावसाच्या चिखलात रुतलेले. त्या वाळवंटात पाऊस म्हणजे एल निन्यो, म्हणजे संकट. आणि त्या हाडांवर मातीच्या मूर्ती फोडून टाकलेल्या, डझनांनी. नागवे कैदी, गळ्यात दोर, अंगावर नक्षी. पण त्या भाजलेल्या नव्हत्या. कच्च्या. ज्या लोकांना भाजणं इतकं सुंदर येत होतं, त्यांनी इथे मुद्दाम भाजलं नाही. कच्ची माती पाण्यात विरघळते, ते मुद्दाम असावं असं मला वाटतं, कारण पाऊसच तर चालू होता.

तोवर मी उत्तरेतच रमले होते. दक्षिणेला गेल्यावर एकदम रंगाचा पेटारा उघडल्यासारखं झालं.

नास्का लोक, साधारण ख्रिस्तपूर्व 100 ते इसवी सन 650. त्यांच्या आधीचे पाराकास लोक भांडं भाजून झाल्यावर राळेत कालवलेले रंग भरायचे, कोरलेल्या रेघांच्या चौकटीत. रंग भडक, पण हात लागला की निघणार. नास्कांनी रंग भाजण्याच्या आधी आणला. वेगवेगळ्या रंगांच्या मातीची स्लिप करायची, भांड्यावर भरायची, काळ्या रेघेने कड काढायची, आणि वाळताना दगडाने घोटायची. मग भाजलं की रंग अंगाचाच होतो. एका भांड्यावर दहा-बारा रंग सहज: पांढरा, मलई, पिवळा, नारिंगी, दोन-तीन तांबडे, जांभळट, राखाडी, तपकिरी, काळा. अस्सल निळा-हिरवा जवळजवळ नाहीच, कारण तो मातीत नाही. आता हे दहा रंग म्हणजे दहा माती, आणि प्रत्येक माती वाळताना वेगळ्या मापाने आकसते. अंगापेक्षा जास्त आकसली तर तडकते, कमी आकसली तर पापुद्रा सुटतो. दहा माती एकाच अंगावर गप्प बसवणं हे कोणा एकाचं काम नाही. पिढ्या लागल्या असतील. मी तीन रंगांवर घाम गाळते.

त्यांची तोटीही निराळी. दोन आखूड नळ्या, आणि मधे चपटा पूल, हातात धरायला. भांडं बहुतेक गोल गरगरीत. त्यावर किलर व्हेल दात काढून, हातात सुरा घेऊन. हमिंगबर्ड. मिरच्या, शेंगा. आणि कापलेली मुंडकी, कितीतरी. मुंडक्याच्या आकाराच्या बाटल्याही आहेत: डोळे मिटलेले, ओठांवर काटे टोचून ते बंद केलेले, कपाळाच्या भोकातून दोर. खरी मुंडकीही अशीच सापडलीत, काट्यांसकट.

या भांड्यांचा पत्ता लावणारा माणूस माक्स ऊले. जर्मन. बर्लिनच्या संग्रहालयात त्याने अशी काही भांडी बघितली होती, कुठली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. 1901 मध्ये तो इका खोऱ्यात जाऊन खणत बसला आणि सापडली. पण मला जास्त आवडतं ते केव्हिन वॉन यांनी मार्काया नावाच्या छोट्या वस्तीत काढलेलं. तिथे राजेमहाराजे नव्हते, साधी घरं होती, आणि जवळजवळ प्रत्येक घरात रंगीत नास्का भांडी होती. रोजच्या घरातली. कावाची नावाच्या मोठ्या धर्मस्थळी सणासुदीला जाताना माणसं ती घेऊन जात-येत असावीत असा अंदाज आहे. म्हणजे एवढी कसरत ही कोणा धनवंताच्या हौसेसाठी नव्हती.

आणि आता जे सांगते ते कुंभार नसलेल्यांना कंटाळवाणं वाटेल, तरी सांगणारच. नास्का लोक मातीच्या अंतारा करायचे, म्हणजे नळ्यांची बासरी, पॅनपाइप. प्रत्येक नळी पातळ, आतून एकसारखी, कुठे वळी जोडल्याची खूण नाही. 1964 मध्ये लॉरेन्स डॉसन यांनी मांडलं की हे स्लिप कास्टिंग आहे. पातळ माती ओतून-बुडवून कातडीसारखा थर बसवायचा. आज कमोड आणि किटल्या याच तंत्राने होतात आणि युरोपात ते अठराव्या शतकात आलं. नास्का कुंभार सुरांसाठी ते करून बसला होता, कारण नळीच्या आतलं माप जरा बदललं तर स्वर बदलतो. कावाचीत जुझेप्पे ओरेफिची यांना अशा अंतारांचा एक ढीग सापडला, सगळ्या मुद्दाम मोडलेल्या.

मोडणं ही तिकडची जुनी सवय. आयाकुचोजवळच्या कोंचोपाता इथे 1942 मध्ये हुलिओ सी. तेयो यांना वारी नावाच्या प्राचीन लोकांचे रांजण सापडले, प्रचंड, दोन्ही हातांत दंड धरलेला देव रंगवलेले. फोडलेले. घाव नेमके चेहऱ्यांवर. एवढा मोठा रांजण वळ्यांनी उभा करायचा, थर वाळेपर्यंत थांबायचं, पुन्हा रचायचं, रंगवायचा, भाजताना न तडकता बाहेर काढायचा, आणि मग दगड उचलायचा. पुरातत्त्ववाले याला अर्पण म्हणतात. मी त्या कपाटासमोर फार वेळ थांबू शकले नाही.

शिट्टीच्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. दोन पोटं, मधे नळी, एका पोटाच्या वर पक्षी किंवा माणूस बसलेला आणि त्याच्या आत लपवलेली मातीची शिट्टी. अर्धी पाण्याने भरायची आणि मागेपुढे हलवायची. पाणी एका पोटातून दुसऱ्यात जातं, तिथली हवा दाबली जाते, शिट्टीतून बाहेर पडते आणि पक्षी बोलतो. इक्वाडोरच्या चोरेरा लोकांपासून चिमूंपर्यंत ही चालू होती. शिट्टी म्हणजे एक पोकळ गोळी, तिला फट, आणि हवेची नळी नेमकी फटीच्या कडेवर रोखलेली. रोख एका नखाने चुकला तर नुसता फुसका वारा. आणि तो वाळताना सरकतो.

चिमूंची भांडी काळी. चान चान ही त्यांची राजधानी, त्रुहियोच्या बाजूलाच, मातीच्या भिंतींचं अफाट शहर. भाजताना शेवटी आग गुदमरवायची, धूर कोंडायचा, म्हणजे लाल माती काळी होते. आधी घोटलेली असेल तर धातूसारखी चमकते. साच्यांचा भडिमार इतका की मोचेंची ती बारकाई शोधून सापडत नाही. मला ती जरा कोरडी वाटतात. पण ओळखायला सोपी: कमान आणि तोटी मिळते त्या कोपऱ्यात एक चिमुकलं माकड बसलेलं असतं. का बसवलंय कोण जाणे, पण गोदामात फिरताना ते दिसलं की बरं वाटायचं.

इंकांनी चिमूंना 1470 च्या सुमारास जिंकलं. त्यांच्या भांड्यांवर चेहरे नाहीत, गोष्टी नाहीत, नुसती चौकडी आणि नेच्यासारखी पानं. कलावंत म्हणून मला त्यांच्याविषयी फार काही म्हणायचं नाही, पण इंजिनियर म्हणून दंडवत. त्यांचा उर्पू बघा, स्पॅनिश नाव आरिबालो. लांब मान, फाकलेलं तोंड, टोकदार बूड, पोटाच्या खालच्या भागात दोन कान, आणि खांद्यावर पुढच्या बाजूला एक छोटं डोकं, बहुधा जनावराचं. दोर दोन्ही कानांतून काढून त्या डोक्यावरून घ्यायचा आणि भांडं पाठीवर बांधायचं. टोकदार बूड मऊ मातीत रुततं, आणि ओतायचं तेव्हा त्याच टोकावर भांडं कलतं करता येतं, भरलेलं असलं तरी. नक्षी फक्त पुढच्या बाजूला. पाठीला टेकणारी बाजू कोरी, तिथे घासून जाणारच होती, कशाला रंगवा. मुठीत मावेल असं चिमुकलं ते माणसाच्या छातीएवढं, अशा सगळ्या मापांत हा एकच आकार, राज्यभर. कुस्कोच्या कासा कोंचा संग्रहालयात माचू पिचूचा जो माल आहे, अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम यांनी येल विद्यापीठात नेलेला आणि 2011-12 मध्ये परत आलेला, त्यात हे कान आणि ती डोकी मनसोक्त बघता येतात.

हे सगळं काचेमागे गेलंय असं मात्र नाही. पेरूच्या उत्तरेला पिउरा भागात चुलुकानास नावाचं गाव आहे, तिथले कुंभार आजही चाक न वापरता दगड आणि लाकडी थापीने भांडं थोपटून वाढवतात. आत हातात गोटा, बाहेर थापी. नक्षीही त्याच भागातल्या जुन्या विकुस लोकांच्या भांड्यांवरून परत शोधलेली, नकारात्मक पद्धतीची: जिथे काळा नको तिथे मातीचा लेप लावायचा, आंब्याची पानं जाळून त्या धुरात भांडं धरायचं, आणि लेप धुऊन टाकायचा. आंबा त्या खंडातला नव्हेच, वसाहतीच्या काळात आला, पण धूर म्हणे यासारखा दुसरा नाही. 1970 च्या दशकात हेरासिमो सोसा आणि आणखी काही कुंभारांनी हे पुन्हा उभं केलं. मी तिथून एक घट घेतला. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची, आतून गोट्याच्या खुणा, उचलल्यावर वाटतं त्यापेक्षा हलका. माझ्या चाकावरच्या घटापेक्षा हलका, हे लिहायला जड जातंय.

जाता जाता खरेदीचं. त्रुहियो आणि लीमातल्या दुकानांत मोचे चेहऱ्यांच्या नकला ढिगाने मिळतात, काही फारच चांगल्या. खऱ्या वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, आणि कोणी कोपऱ्यात नेऊन 'अस्सल आहे' म्हणाला तर तो एकतर खोटं बोलतोय किंवा थडगं फोडणाऱ्याचा माल विकतोय. दोन्ही वेळी पाठ फिरवा. चांगली नकल घेतलीत, तर ती प्राचीन वारशातली नाही असं सांस्कृतिक मंत्रालयाचं प्रमाणपत्र घ्या, नाहीतर विमानतळावर अडकाल. दुकानदार ते मिळवून देतो का, हे पैसे देण्याआधी विचारा.